रस्त्याकडची भिंत

ती पोरगी आमच्या मोकळ्या जागेत उकिडवी बसली, चिमटीत माती उचलली आणि तोंडात टाकली. दाताखाली कुरकुर वाजवली, डोळे मिटून जरा वेळ चव घेतली आणि माझ्या पोराला म्हणाली, "छान आहे. रेती थोडी कमी पडते, पण जमेल."

"बाई, घरात भाकरी आहे," मी म्हटलं. "वांग्याची भाजी आहे. माती खायची वेळ अजून आमच्यावर आली नाही."

पोरगी हसली. माझा दिगंबर हसला नाही. त्यानं मला डोळ्यांनी दटावलं. तो परभणीच्या कॉलेजात शिकवतो, तिथं पोरं त्याला सर म्हणतात, म्हणून आईनंही थोडं दबून राहावं असं त्याला वाटतं.

"आई, ह्या अनघा मॅडम. पुण्याच्या आर्किटेक्ट आहेत. आपल्या घराचा नकाशा ह्याच काढणार."

"काढू दे की. सिमेंट बरं बघून घे म्हणावं."

"काकू, सिमेंट नाहीच वापरायचं," ती माती थुंकून म्हणाली. "पाया खणताना जी माती निघेल ना, तिच्याच विटा पाडायच्या आणि त्याच भिंतीला लावायच्या. भाजायच्यासुद्धा नाहीत."

मी दिगंबरकडं बघितलं. तो जोड्यानं जमीन उकरत होता. म्हणजे ह्याला आधीपासून माहीत होतं, आणि मला सांगायला पुण्याहून पोरगी आणली होती.

ह्याला नऊ वर्षं झाली. मालक जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि ती जागा माझ्या नावावर होती. आमचं जुनं माळवदाचं, मातीच्या छताचं घर भावाभावांच्या वाटणीत पाडलं, तेव्हापासून एकवीस वर्षं आम्ही दोन खोल्यांत पत्र्याखाली काढली. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की खाली बसलेलं माणूस पापडासारखं वाळावं. समोर रस्त्यापलीकडं माझी धाकटी जाऊ गोदावरी, तिचा तीन मजली बंगला. बाहेरच्या भिंतीला तिनं गुळगुळीत फरशा चिटकवल्या होत्या, न्हाणीघराला लावतात तशा. मला फरशा नको होत्या. मला स्लॅब पाहिजे होता आणि सिमेंटच्या भिंती. एवढंच मी पोराला एकवीस वर्षं सांगत आले होते, आणि त्यानं काय ऐकलं तर माती.

दुपारी जेवताना भांडण झालं. माझी सून वैजयंता तालुक्याच्या दवाखान्यात नर्स आहे. त्या दिवशी तिला सुटी होती, म्हणून तिच्या नशिबी वाढायचं काम आलं. ती आळीपाळीनं दोन्हीकडं भाजी वाढत राहिली.

दिगंबर म्हणाला, "आई, सिमेंट करायला किती कोळसा जळतो, किती धूर होतो, तुला माहिती नाही."

"जगाचा धूर कमी करायला तुला माझंच घर सापडलं का?"

"गोदाकाकूचा बंगला बघ. वैशाखात वरच्या मजल्यावर कोणी झोपू शकत नाही. तीन कूलर लावलेत त्यांनी. जाड मातीची भिंत ऊन आत येऊ देत नाही."

"मातीची भिंत काय करते ते तू मला सांगू नको. तू जन्मलास तो माळवदाखाली."

"तेच तर. तुला सगळं येतंच की."

हे वाक्य मी ध्यानात ठेवलं. त्याला वाटलं तो माझं कौतुक करतोय.

"काकू," ती नकाशेवाली मधे पडली. तिला वांग्याची भाजी तिखट लागली होती, नाक पुसत पुसत बोलत होती. "दगडाचं जोतं गुडघ्याएवढं घेऊ. वर कौलं, छपराला मोठी पाख ठेवू, म्हणजे भिंतीवर पाऊस येणार नाही. उत्तरेकडून वारा येईल. तुम्ही सांगाल तिथं देवघर, सांगाल तिथं न्हाणी."

"मी सांगते तो स्लॅब टाक."

"तो सोडून."

"मग मी मातीच्या घरात पाय ठेवणार नाही. तुम्ही खुशाल राहा."

"तू कुठं राहशील?" दिगंबरनं विचारलं.

"गोदावरीच्या जिन्याखाली."

तिथंच हे मिटलं असतं, कारण माझ्या सहीशिवाय ग्रामपंचायत बांधकामाला परवानगी देत नव्हती आणि सही मी देणार नव्हते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गोदावरी दळण घेऊन निघाली, माझ्यापुढं थांबली आणि म्हणाली, "ताई, खरं का हो? पुन्हा मातीचंच? बाई बाई. माणसं खालून वर जातात."

"पुण्याहून खास बाई आली आहे त्याच्यासाठी," मी म्हटलं. "तुझ्या बंगल्याला जिंतूरचा मिस्त्री होता ना?"

आणि त्याच तोऱ्यात घरात जाऊन मी कागदावर सही करून टाकली. हा माझा स्वभाव. जिभेनं पुढं जायचं आणि मग पायांनी ओढत मागं यायचं. वैजयंता हळूच म्हणाली, "आई, नक्की ना?" मी तिला म्हटलं, तू तुझी ड्यूटी बघ.

काम सुरू झालं. गावातलाच गफूर मिस्त्री होता, त्याला त्या पोरीनं मातीच्या विटा दाबायचा साचा आणून दिला. पहिले आठ दिवस मिस्त्री माझ्याकडं बघून हसायचा आणि तिच्याकडं बघून मान डोलवायचा. नंतर त्यालाच गोडी लागली. मातीत किती रेती, किती चुना, हाताच्या मुठीत गोळा वळून कसा बघायचा, हे तो मलाच सांगायला लागला. मला.

संक्रांतीनंतर तर कहर झाला. पुण्या-मुंबईची बाराजणं गाडी करून आली. पोरं, पोरी, एक टकला गृहस्थ, एक बाई तर माझ्या वयाची. त्यांनी पँटी गुडघ्यापर्यंत वर केल्या आणि गाऱ्यात उतरून नाचायला लागले. मी दिगंबरला विचारलं, ही कोण माणसं, ह्यांना मजुरी काय ठरली?

"मजुरी नाही आई. तेच मॅडमला फी देऊन आलेत. कार्यशाळा आहे."

आम्ही जन्मभर माती तुडवली तेव्हा त्याला कोणी कार्यशाळा म्हटलं नाही. त्यातली ती माझ्या वयाची बाई माझ्याजवळ आली. पोटऱ्यांपर्यंत चिखल, चेहरा फुललेला. म्हणाली, "आजी, किती समाधान आहे ह्यात. तुम्हाला तर रोजचंच."

मी तिला म्हटलं, "तुमचे पाय धुवायला गरम पाणी ठेवलंय. तेवढं समाधानही घेऊन जा."

मार्च सरता सरता भिंती झाल्या, कौलं चढली. खरं बोलायचं तर काम सरळ होतं. ओळंबा कुठं चुकला नव्हता. बाहेरून गिलावा तेवढा राहिला, मातीचाच. अक्षयतृतीयेला वास्तुशांत धरली होती, माझ्या माहेरची माणसं येणार होती. तेवढ्यात दिगंबरला परीक्षेच्या कामासाठी नांदेडला दहा दिवस जावं लागलं आणि पोरगी पुण्याला गेली. जाताना म्हणाली, "मिस्त्री, भिंती वाळू देत. मी आल्यावर गिलावा."

ते गेले त्याच दिवशी संध्याकाळी गोदावरी गॅलरीतून खाली वाकून म्हणाली, "ताई, पाव्हणे यायच्या आत निदान रस्त्याकडच्या भिंतीचं तोंड तरी धुवा. गोठ्यासारखं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गफूर मिस्त्रीला बोलावलं आणि सांगितलं, रस्त्याकडच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा कर.

त्यानं थापी खाली ठेवली. "काकी, मातीवर सिमेंट धरत नाही."

"जाळी मार. खिळे ठोक. धरेल."

"मॅडमनं मना केलंय."

"घराचा उतारा कोणाच्या नावावर आहे? मॅडमच्या?"

"तुमच्या."

"मग."

"काकी, उद्या काही झालं तर सर मला बोलतील. तुम्ही लिहून द्या."

"मला झरझर लिहिता आलं असतं तर तुला बोलवून तोंडानं सांगितलं असतं का? कर म्हणते ना."

त्यानं केलं. नाइलाजानं केलं, पण हात चांगला आहे त्याचा. तारेची जाळी, त्यावर दोन थर, आणि शेवटी थापीनं असा घोटला की त्यात तोंड दिसावं. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायला लागली. गोदावरीनं गॅलरीतून बघितलं आणि आत गेली.

आता सिमेंटला पाणी पाजावं लागतं, हे शेंबड्या पोराला कळतं. मी नळाची नळी लावली आणि सकाळ-संध्याकाळ भिंत भिजवली. कोणाला हात लावू दिला नाही. दुपारी ऊन फार वाटलं तर तेव्हाही. वैजयंता दवाखान्यातून आली की दारात उभी राहून बघायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, ह्यांना फोन करून सांगू का?"

"सांग. आणि उद्यापासून पाचला उठून भाकरी थापायला तू बस."

तिनं नाही सांगितलं.

सातव्या दिवशी मी आत जाऊन बघितलं. रस्त्याकडच्या खोलीत खिडकीखाली भिंत काळवंडली होती. मी बोट लावलं. बोट विटेत गेलं, शिऱ्यात जावं तसं. मी ते लुगड्याला पुसलं आणि बाहेर आले. त्या दिवसापासून पाणी बंद केलं. कोणाला बोलले नाही. काय बोलणार होते? दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट लावून बघितलं, तर काळा डाग वीतभर वर चढला होता.

दहाव्या दिवशी सकाळच्या बसनं दिगंबर आणि ती पोरगी दोघंही उतरली. ती पाठीवरची पिशवीही न उतरवता भिंतीसमोर उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. पुढं झाली आणि बोटाच्या पेरानं भिंतीवर ठोकलं. ढप असा आवाज आला. वीतभर बाजूला ठोकलं. पुन्हा ढप.

"किती पाणी मारलं?" तिनं गफूर मिस्त्रीला विचारलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं.

"मी मारलं," मी म्हटलं. "आठवडाभर. मिस्त्रीचा काही दोष नाही, तो नको म्हणत होता."

ती पुढं काही विचारणार तोच खिडकीच्या खालचा सिमेंटचा थर फुगला आणि भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा अख्खा सुटून खाली आला, जाळीसकट. ती मागं सरली म्हणून वाचली. मागं जे दिसलं त्याला भिंत म्हणवत नव्हतं. खालचे चार थर विटांचे राहिलेच नव्हते, नुसता गारा. खिडकीची चौकट एका बाजूला कलली आणि वरची दोन कौलं घसरून जोत्यावर फुटली.

गोदावरी गॅलरीत होती. असणारच.

"आई, काय केलंस तू हे," दिगंबर म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. सहा महिन्यांची मेहनत, लोकांना काय तोंड दाखवू, मॅडमचं हे ह्या भागातलं पहिलं काम, दहा लोक बघायला येणार होते. "आणि कशासाठी, तर गोदाकाकूनं नाक मुरडलं म्हणून. तुला मिरवायला सिमेंट पाहिजे होतं. दुसरं काही नाही."

मी जोत्यावर बसले.

पोरगी माझ्यासमोर जमिनीवर बसली. गाऱ्यातच. "काकू, मला एकदा विचारायचं होतं."

"तू मला विचारलंस?"

"विचारलं की. देवघर विचारलं, न्हाणी विचारली, चूल कुठं पाहिजे ते विचारलं. तीनदा नकाशा बदलला तुमच्यासाठी."

"ते विचारलंस. भिंतीला दरसाल पोतारा कोणी द्यायचा, ते विचारलंस का?"

तिला कळलं नाही. पोतारा म्हणजे काय तेही कळलं नसेल.

"शेणामातीचा हात," मी म्हटलं. "तूच तर लिहिलाय. दिगंबरला तू कागद दिलास, घराची निगा कशी ठेवायची त्याचा. त्यानं खिळ्याला अडकवून ठेवला होता. तू गेलीस त्या रात्री मी तो खाली घेतला. मी तिसरीपर्यंत शिकले, अक्षर जुळवायला मला वेळ लागतो. पण सात नंबरचं कलम मी दोनदा वाचलं. 'दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घरातील स्त्रियांनी बाहेरील भिंतींना शेणमातीचा हात द्यावा.' असंच आहे ना?"

तिनं मान डोलवली.

"घरातील स्त्रिया म्हणजे कोण? मी. माझे गुडघे बघ. आणि वैजयंता. ती सकाळी सातला बस पकडते, दिवसभर दुसऱ्यांच्या बाळंतपणाला उभी राहते, सातला परत येते. मे महिन्यात तिला सुटी मिळाली तर ती काय करणार? चार भिंती लिंपणार. आणि तिच्या पाठी माझी नात. नऊ वर्षांची आहे आता. दोन-चार वर्षांत टोपलं उचलायला येईल की."

"आई, आपण मजूर लावू," दिगंबर म्हणाला. आता आवाज खाली आला होता.

"कोणते मजूर? गफूर, तू पोतारा देतोस का?"

गफूर मिस्त्री मान खाजवत म्हणाला, "काकी, भिंत आम्ही बांधतो. पोतारा बायकाच देतात. आमच्यातबी, तुमच्यातबी."

"ऐकलंस? भिंत एकदा उभी राहते, तिला मिस्त्री मिळतो. पोतारा जन्मभर द्यावा लागतो, त्याला बाई लागते." मी दिगंबरकडं बघितलं नाही, त्या पोरीकडंच बघून बोलले. "मी तिसरीत होते. उन्हाळ्यात परीक्षा असते आणि उन्हाळ्यातच माळवदावर पांढरी माती टाकतात. परीक्षेच्या दिवशी मी शिडीवर होते, डोक्यावर टोपलं. खालून आमचे गुरुजी शाळेला चालले होते. त्यांनी वर बघितलं आणि गेले. त्यांनाही ठाऊक होतं घरं कशी चालतात. त्यानंतर मी नवऱ्याच्या घरी आले, तिथंही माळवद. वाटणीत ते पाडलं ना, तेव्हा हे सगळे रडले. मी नाही रडले. मी पत्र्याखाली एकवीस वर्षं तापले पण एकदाही म्हटलं नाही की जुनं घर बरं होतं. आता हा शिकलेला पोरगा मला सांगतो, तुला सगळं येतंच की. येतं. म्हणूनच नको."

गफूर मिस्त्री सिमेंटचे तुकडे उगाच एका जागी गोळा करत होता.

मग त्या पोरीनं पिशवीतून आपली फाईल काढली, त्यातून तोच कागद काढला. तिच्याकडं आणखी एक प्रत होती. हात गाऱ्यानं भरलेले, कागद घाण झाला. सातवं कलम तिनं खोडलं.

"काय लिहू?" तिनं मला विचारलं.

"तू नको लिहू. तू पुण्याला जाशील. ह्याच्या हातात दे."

दिगंबरनं कागद घेतला. त्याचं अक्षर चांगलं आहे, लहानपणापासून. मला दाखवलं. 'दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बाहेरील भिंतींना दिगंबरनं शेणमातीचा हात द्यावा.' मी सावकाश वाचलं. तो उभा राहिला होता.

"घरातल्या बाईचा हात ह्या भिंतीला लागणार नाही," मी म्हटलं. "माझा, तुझ्या बायकोचा, पोरीचा. गावातली बाई मजुरीवर आणायची नाही. कबूल असेल तर मी येते ह्या घरात. नसेल तर गोदावरीचा जिना रिकामाच आहे."

"मला येत नाही पण, आई."

"पुण्याच्या टकल्या माणसाला आलं. तुलाही येईल."

वास्तुशांतीला बारा दिवस राहिले होते. चौकट टेकू देऊन धरली, ओले थर काढले. तेव्हा एक गोष्ट मी बघितली. भिजलेल्या विटांचा तो गारा मिस्त्रीनं पुन्हा साच्यात घातला आणि उन्हात त्याच्या पुन्हा विटा झाल्या. सिमेंटचे तुकडे मात्र ट्रॉलीत भरून गावाबाहेर टाकावे लागले, अजूनही तिथं पडलेत, कशाच्याच कामाचे नाहीत. आणि त्या उन्हात एकदा मी मधल्या खोलीत नुसत्या फरशीवर पडले तर दोन तास डोळा लागला. ती खोली थंड होती. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

भिंत उभी राहिली आणि पोताऱ्याचा दिवस आला. गारा आठ दिवस भिजत ठेवला होता, त्यात गव्हाचा भुसा, शेण. मी सावलीला खुर्ची टाकून बसले. दिगंबरनं जुनी पँट वर दुमडली आणि शेणात हात घालायच्या आधी असं तोंड केलं, जणू कोणी त्याला एरंडेल पाजणार होतं. एमेस्सी झालेला माणूस.

"मूठभर नको. ओंजळ भर," मी म्हटलं. "थापटू नको. भाकरी आहे का ती? हात पालथा धर आणि ओढ. खालून वर."

त्यानं ओढलं. अर्धं खाली पडलं, उरलेलं त्याच्या कोपरावरून आत बाहीत गेलं.

"तू एकदा करून दाखव ना. एकदाच."

"नाही."

"आई, अगं नुसता हात कसा फिरवायचा ते."

"तोंडानं सांगितलंय. कॉलेजात पोरांना तोंडानंच शिकवतोस ना?"

ती नकाशेवाली पोरगी पण बाजूला हात भरून उभी होती. मी तिला म्हटलं, तू खाली बस. ती म्हणाली, मी काही ह्या घरातली नाही. मी म्हटलं, बाई आहेस ना, बस. ती माझ्या खुर्चीशेजारी बसली आणि दोघी मिळून त्याला चुका सांगायला लागलो. दुपारपर्यंत त्याचा हात जरा बसला. भिंतीवर बोटांचे अर्धगोल उमटायला लागले, वाकडे, पण एकाखाली एक.

चार वाजता वैजयंता दवाखान्यातून लवकर सुटून आली. खांद्याला पिशवी, पायात पांढरे बूट. रस्त्यात उभी राहून तिनं नवऱ्याकडं बघितलं. डोक्याच्या केसांपर्यंत शेण. त्यानं तिच्याकडं बघितलं. ती मागच्या खोलीत गेली, बूट काढले आणि आडवी झाली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. दिवसाउजेडी आडवी पडलेली मी तिला तेव्हा पहिल्यांदा बघितली.

मग गोदावरी रस्ता ओलांडून आली. सकाळपासून ती गॅलरीत येरझाऱ्या घालत होती, शेवटी तिला राहवलं नाही. पदर सावरून माझ्या खुर्चीपाशी उभी राहिली. भिंतीकडं बघितलं, दिगंबरकडं बघितलं.

"ताई, कॉलेजातला सर आणि पोतारा द्यायलाय. घरातल्या बाया मेल्या का काय?"

"जित्या आहेत," मी म्हटलं. "म्हणूनच."

दिगंबरचा हात भिंतीवर थांबला. त्यानं मागं वळून आमच्याकडं बघितलं.

"इकडं काय बघतोस," मी म्हटलं. "खिडकीच्या खालचा कोपरा सुटलाय तुझा."